पहिली रेकॉर्ड, पहिला व्हिडिओ: पंक बँडसाठी तयारीची यादी

गाणी ध्वनिमुद्रित झाली, मिक्सिंग संपले आणि रेकॉर्ड छापायला देण्याची वेळ आली, की बहुतेक बँड कव्हरवर कोणते चित्र घ्यावे यावरून वाद घालू लागतात. यादीतले पहिले काम ते नव्हे. त्याआधी एका कागदावर हे लिहून काढावे, की ही रेकॉर्ड हातात पडल्यावर श्रोत्याने तिचे काय करावे अशी आपली अपेक्षा आहे: कव्हर उलगडून भिंतीवर लावावे, त्यावरचे चिन्ह वहीत गिरवावे, मागे छापलेला हिशेब वाचून स्वतःची रेकॉर्ड काढावी, की मित्राला कॅसेट भरून द्यावी. पंक, म्हणजे साध्या, आक्रमक आणि सगळे स्वतःच्या हाताने करण्यावर भर देणाऱ्या रॉक संगीताच्या इतिहासात ज्या वेष्टनांनी आणि व्हिडिओंनी चाहते जोडले, त्यांतील बहुतेकांनी श्रोत्याला नुसते बघत बसवले नाही, त्याच्या हाताला काहीतरी काम दिले. पुढची प्रत्येक बाब याच कसोटीवर पारखून घ्यावी.

दुसरे काम चिन्हाचे. चिन्ह संगणकाच्या पडद्यावर कसे दिसते हे पाहण्याआधी जाड मार्कर घेऊन ते पुठ्ठ्यावर काढून पाहावे. कॅलिफोर्नियातील ब्लॅक फ्लॅग या बँडसाठी रेमंड पेटिबॉन यांनी तयार केलेले चिन्ह म्हणजे एकमेकांपासून खालीवर सरकलेले चार उभे काळे पट्टे. झेंडा फडकत असल्याचा भास त्यांतून होतो, आणि चित्रकलेचा गंधही नसलेला मुलगा ते काही सेकंदांत काढू शकतो. मुलांनी ते भिंतींवर काढले, जाकिटांवर रंगवले आणि अंगावर गोंदवूनही घेतले. रॅमोन्स या बँडचे चिन्ह याच्या अगदी उलट वळणाचे आहे. आर्टुरो व्हेगा यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुद्रेवरील गरुड घेतला, त्याच्या पंजातील बाण काढून बेसबॉलची बॅट दिली, ऑलिव्हच्या जागी सफरचंदाची फांदी दिली आणि भोवती वर्तुळात बँडमधील चौघांची नावे लिहिली. ते हाताने गिरवणे अवघड, परंतु टी-शर्टच्या छातीवर ते असे शोभले की बँडचे एकही गाणे न ऐकलेली माणसेसुद्धा आज ते घालून हिंडतात. म्हणून चिन्ह गिरवण्यासाठी हवे की अंगावर घालण्यासाठी, हे आधी ठरवावे. दोन्ही एकाच चिन्हाकडून साधेल अशी आशा धरू नये. ठरले की ते टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहावे, कारण आज अनेकांना ते प्रथम फोनवर त्याच आकारात दिसणार आहे.

कव्हरच्या अक्षरांबाबत एक मोह आवर्जून टाळावा. सेक्स पिस्टल्स या इंग्लिश बँडसाठी जेमी रीड यांनी वर्तमानपत्रांतून कापून काढलेली विजोड अक्षरे चिकटवून शब्द जुळवण्याची जी पद्धत वापरली, खंडणीखोराच्या चिठ्ठीसारखी दिसणारी, ती १९७७ मध्ये धक्का देणारी होती; कात्री, गोंद आणि जुनी वर्तमानपत्रे एवढ्यावर ती जमत असल्याने कोणालाही उचलता आली. आता तिचा संच विकत मिळतो आणि जाहिरातदारही ती वापरतात, त्यामुळे तिच्यातून नव्या बँडबद्दल काहीच कळत नाही. तिच्यामागचा विचार मात्र घ्यावा: जी साधने खरोखर आपल्या हाताशी आहेत त्यांच्याच खुणा कव्हरवर दिसू द्याव्यात. झेरॉक्सचा फाटका काळेपणा तुमच्याकडे झेरॉक्स यंत्र असेल तरच घ्यावा. महागड्या सॉफ्टवेअरने मुद्दाम आणलेला ओबडधोबडपणा जाणत्या चाहत्याला लगेच ओळखू येतो.

छायाचित्रासाठी फार खर्च करण्याची गरज सहसा नसते. रॅमोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमवरील विटांच्या भिंतीपुढे उभ्या चौघांचे छायाचित्र रोबर्टा बेली यांनी मुळात ‘पंक’ या मासिकासाठी काढले होते, आणि रेकॉर्ड कंपनीने ते १२५ डॉलरना घेतले. बझकॉक्स या बँडच्या ‘स्पायरल स्क्रॅच’ या रेकॉर्डवरचे छायाचित्र तर मँचेस्टरमधील एका पुतळ्याजवळ साध्या पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेले आहे. दोन्हींत बँड जसा रस्त्यात भेटला असता तसाच दिसतो. मात्र छायाचित्र मित्राने फुकट काढून दिले असले तरी ते कुठे कुठे छापता येईल, टी-शर्टवर चालेल का, व्हिडिओत दाखवता येईल का, हे त्याच दिवशी लिहून सही घ्यावी. बँड प्रसिद्ध झाल्यावर हे बोलणे दोघांनाही अवघड जाते.

उसन्या चित्रांची यादी वेगळी करावी. कोलाजमध्ये वापरलेला प्रत्येक तुकडा कोठून आला हे लिहून ठेवले नाही तर कव्हर मागे घेण्याची पाळी येऊ शकते. ‘हॉलिडेज इन द सन’ या सिंगलच्या कव्हरसाठी रीड यांनी बेल्जियमच्या पर्यटनाचे एक माहितीपत्रक घेतले आणि त्यातील माणसांच्या तोंडी गाण्याचे शब्द घातले. मूळ पत्रकाच्या मालकांनी दावा लावला आणि कव्हर मागे घ्यावे लागले. आज ती प्रत संग्राहक शोधत असतात, हे खरे. परंतु त्या बँडमागे मोठी कंपनी होती आणि तुमच्यामागे बहुधा कोणी नाही. तसेच आपले कव्हर दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवता येईल का, याचाही विचार करावा. त्याच बँडच्या अल्बमच्या नावातील एका शब्दामुळे नॉटिंगहॅममधील रेकॉर्ड दुकानावर १९७७ मध्ये १८८९ च्या अश्लील जाहिरातींविषयीच्या कायद्याखाली खटला झाला, दुकान सुटले. डेड केनेडीज या बँडने १९८५ च्या अल्बममध्ये एच. आर. गीगर यांच्या चित्राचे पोस्टर घातले, तेव्हा खटला बँडच्या गायकावरच भरला गेला आणि १९८७ मध्ये ज्युरींचे एकमत न झाल्याने तो संपला. असे काही छापू नये असा याचा अर्थ नाही. छापणार असाल तर आधी दुकानदाराला दाखवावे, म्हणजे त्याला तयारी करता येईल.

आता कव्हरच्या मागच्या बाजूकडे यावे. माझ्या मते पंकची सर्वांत मोठी कमाई तिथेच आहे. ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड बझकॉक्सने जानेवारी १९७७ मध्ये सुमारे ५०० पौंड उसने घेऊन, स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली काढली. पहिल्या १००० प्रती हातोहात गेल्या आणि पुढे विक्री १६००० पर्यंत पोहोचली. मागच्या बाजूला त्यांनी गाणे कितव्या टेकमध्ये, म्हणजे कितव्या प्रयत्नात घेतले आणि त्यावर नंतर काय चढवले, हे सरळ छापले होते. पुढच्या वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडने आपल्या पहिल्या सिंगलच्या झेरॉक्स केलेल्या कव्हरवर स्टुडिओ, मास्टरिंग (छापण्यापूर्वीची आवाजाची शेवटची जुळवणी), रेकॉर्ड दाबणे आणि तिच्यावर चिकटवायची कागदी लेबले यांचा खर्चच मांडला. ही माहिती वाचणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच कळले की रेकॉर्ड म्हणजे कोणा अज्ञात यंत्रणेची देणगी नसून मोजता येण्याजोगी, जमवता येण्याजोगी वस्तू आहे. असा वाचक नुसता गिऱ्हाईक राहत नाही, स्वतः बँड काढायला निघतो आणि तुम्हाला कधी विसरत नाही. म्हणून खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवाव्यात आणि मागच्या बाजूची किमान तिसरा हिस्सा जागा या हिशेबासाठी राखून ठेवावी. गाण्यांचे शब्द छापायचे असतील तर ते आतल्या कागदावर न्यावेत.

आकार आणि कागद ठरवताना हौस आणि खिसा यांची गाठ घालून द्यावी. क्रास या इंग्लिश बँडची कव्हरे उलगडली की जी व्हाउचर यांच्या बारकाईने रंगवलेल्या चित्रांचे मोठे पोस्टर होत असे, आणि ठळक स्टेन्सिल अक्षरांत ‘यापेक्षा जास्त देऊ नका’ अशी सूचना किमतीसह छापलेली असे, जेणेकरून दुकानदाराला भाव वाढवता येऊ नये. चाहत्याचा विश्वास कमावण्याची याहून थेट युक्ती मला ठाऊक नाही. पण याच बँडने सुरुवातीला किंमत ठरवताना विक्रीकर धरलाच नाही, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे त्यांना तोटा झाला. तेव्हा किंमत कव्हरवर छापण्यापूर्वी कर, टपाल, दुकानाचा हिस्सा आणि खराब निघणाऱ्या प्रती हे सगळे धरून आकडा दोघांकडून तपासून घ्यावा, कारण छापलेली किंमत मागे घेता येत नाही.

वेगळ्या वेष्टनाचा हट्ट असेल तर त्याचा नमुना प्रत्यक्ष तयार करून, रेकॉर्ड आत घालून, निदान वीस वेळा काढून पाहावी. सेक्स पिस्टल्समधून बाहेर पडलेल्या गायकाच्या पब्लिक इमेज लिमिटेड या बँडने १९७९ मध्ये तीन रेकॉर्डी फिल्मच्या डब्यासारख्या गोल पत्र्याच्या डब्यात घातल्या. डबा देखणा होता, पण रेकॉर्डी आत इतक्या घट्ट बसत की ओरखडा न पाडता बाहेर काढणे कठीण जाई, आणि पुढच्याच वर्षी तो अल्बम साध्या कव्हरमध्ये पुन्हा काढावा लागला. याउलट वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड लेबलच्या मुलांनी आपल्या पहिल्या रेकॉर्डींची कव्हरे स्वतः कात्रीने कापून, घडी घालून, गोंदाने चिकटवली. हजार प्रतींपर्यंत हे हाताने जमते, फक्त मनुष्यबळ आधी मोजून ठेवावे: शंभर कव्हरांना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे आणि दहाने गुणावे. कॅसेट काढणार असाल तर डेड केनेडीजची १९८१ ची कॅसेट डोळ्यांपुढे ठेवावी. आठही गाणी त्यांनी एकाच बाजूला बसवली आणि दुसरी बाजू श्रोत्याला हवे ते भरून घेण्यासाठी कोरी सोडली, तीही रेकॉर्ड कंपन्या घरगुती ध्वनिमुद्रणाविरुद्ध ओरड करीत असताना.

छपाईच्या बाबी थोडक्यात: कापल्या जाणाऱ्या कडेबाहेर ३ मिलिमीटर चित्र वाढवलेले असावे, छायाचित्रे ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपके) असावीत, घडीवर अक्षरे येऊ नयेत, आणि प्रूफ कागदावर पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

व्हिडिओची तयारी कव्हर छापखान्यात गेल्यावर सुरू करावी, कारण कव्हरवरची खूण व्हिडिओत कुठेतरी दिसलीच पाहिजे; ड्रमच्या पुढच्या कातड्यावर, भिंतीवर, कोणाच्या तरी पाठीवर. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाल्यावर अनेक पंक बँडांनी व्हिडिओकडे संशयाने पाहिले, आणि त्यात तथ्य होते. पण उत्तम पंक व्हिडिओ नेमके त्या चकचकाटाला तोंड वेंगाडून दाखवतात. द रिप्लेसमेंट्सने १९८५ च्या अल्बममधील ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’साठी जवळजवळ सर्व वेळ फक्त एक स्पीकर दाखवला, आणि शेवटी त्याला लाथ मारली. मिनिटमेन या बँडने ४४० डॉलरमध्ये व्हिडिओ केला, ज्यात पूर्वी अभिनेते असलेले तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष रोनाल्ड रेगन जुन्या युद्धपटातून घेतलेल्या दृश्यांत विमानातून बँडवर बाँब टाकत असल्यासारखे दिसतात. त्या फिल्मवर कोणाचा हक्क उरला नव्हता, म्हणूनच ते परवडले. ग्रीन डेच्या १९९४ च्या ‘लाँगव्ह्यू’मध्ये बँड राहत होता ती तळघरातली खोली, जुना सोफा आणि टीव्ही आहे. पाहणाऱ्या मुलाची खोली बहुधा तशीच होती. म्हणून स्थळ शोधताना आधी स्वतःच्या सराव खोलीकडे पाहावे, आणि तिथला पसारा आवरू नये.

बाहेर चित्रीकरण करायचे असेल तर ज्या वेळी करायचे त्याच वेळी आदल्या दिवशी जागेवर जाऊन उभे राहावे. द क्लॅश या बँडच्या ‘लंडन कॉलिंग’चा व्हिडिओ डॉन लेट्स यांनी डिसेंबर १९७९ च्या थंड रात्री थेम्सच्या काठी बॅटरसी पार्कजवळ केला. बँड धक्क्यावर आणि कॅमेरे नावेत अशी योजना होती. नदीला भरती-ओहोटी असते हे त्यांच्या ध्यानात आले नाही. पाणी ओसरल्याने कॅमेरे फार खाली गेले, प्रवाहाबरोबर नाव सरकत राहिली, आणि वरून पाऊस आला. पाऊस व्हिडिओत सुंदर दिसतो. तरी विजेच्या तारांखाली प्लास्टिक, गिटारसाठी कोरडी फडकी आणि एक जादा बॅटरी घेऊन जावी, कारण नशीब प्रत्येक वेळी क्लॅशइतके साथ देत नाही. गाणे वाजवायचा स्पीकर एवढा मोठा हवा की ड्रमर खरोखर मारत असतानाही त्याला ऐकू जाईल. तो हळू वाजवू लागला की ते चित्रात लगेच कळते.

गर्दी लागणार असेल तर ती आपल्या कार्यक्रमांना येणाऱ्यांतूनच बोलवावी. आलेल्या प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, अल्पवयीनांसाठी पालकांची. पाणी आणि घरी जायची सोय आपण करावी, आणि संकलन झाल्यावर सर्वांत आधी व्हिडिओ त्यांना दाखवावा. त्यांची नावे शेवटी द्यावीत, खेळाडूंच्या यादीसारखी मोठ्या अक्षरांत. स्वतःला शोधण्यासाठी ते तो अनेकदा लावतील आणि दाखवण्यासाठी माणसे गोळा करतील. संकलनात गाण्याच्या पहिल्या आघाताआधीची सगळी प्रस्तावना कापावी, आणि आवाज बंद करूनही एकदा पूर्ण पाहावे.

शेवटची बाब कव्हरवर छापायच्या पत्त्याची. पत्रपेटी असो वा ईमेल, तो पत्ता निदान काही वर्षे चालू राहील याची खात्री करावी, आणि आलेल्या प्रत्येक पत्राला कोण उत्तर देणार हे नावानिशी ठरवावे. यादीत त्या ओळीपुढे बँडमधील एकाचे नाव आणि सही आल्याशिवाय छापखान्याला होकार कळवू नये.