देशाच्या हरितगृह वायूंचा आलेख काढताय? या चुका टाळा

मागच्या आठवड्यात निफाडकडचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प जमा करायचा होता. "मॅडम, भारताचं उत्सर्जन पंचवीस वर्षांत अडीच पट झालं. आलेख बघता का?" पडद्यावर एक निळी रेघ चढत गेली होती. डाव्या टोकाला १९९४ आणि १,२२८ दशलक्ष टन, उजव्या टोकाला २०१९ आणि ३,१३२ दशलक्ष टन. दोन्ही आकडे भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालांतले, दोन्ही बरोबर उतरवलेले. तरी "अडीच पट" चूक होतं.

नाशिकच्या कॉलेजात हे प्रकल्प तपासताना दरवर्षी मला त्याच चुका भेटतात. मुलं मेहनत घेतात, अहवाल धुंडाळतात आणि मग दोन वेगळ्या जातींचे आकडे एका रेघेने जोडून टाकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण खरं काम तर झालेलं असतं.

भरलेलं वजन आणि निव्वळ वजन

त्या मुलाला मी विचारलं, "लासलगावला कांदा नेता तेव्हा काट्यावर काय होतं?" तो म्हणाला, "आधी भरलेला ट्रॅक्टर चढतो, मग रिकामा. वजाबाकी करून निव्वळ वजन." मग एका वर्षी निव्वळ वजन लिहिलं आणि दुसऱ्या वर्षी ट्रॉलीसकट वजन लिहिलं, तर कांद्याचं पीक वाढलं असं म्हणशील का?

इथे नेमकं तेच झालं होतं. १९९४ चे १,२२८ हा निव्वळ आकडा आहे. जंगल आणि जमीन यांनी शोषलेला व सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात हिशेबात धरलेला आहे. २०१९ चे ३,१३२ हे ढोबळ उत्सर्जन, म्हणजे जंगल-जमिनीचा हा हिशेब न धरता काढलेलं. त्या वर्षीचा निव्वळ आकडा २,६४७ आहे. निव्वळाशी निव्वळ ताडून पाहिलं तर वाढ अडीच पट नव्हे, सव्वादोन पटीच्याही थोडी आतच राहते. हा फरक दर अहवालात आहे: २००० साली ढोबळ १,५२४ आणि निव्वळ १,३०१, २०१० साली २,१३७ आणि १,८८४, २०१६ साली २,८३९ आणि २,५३१. तक्त्यात दोन स्वतंत्र रकाने करा आणि एका रकान्यातून दुसऱ्यात उडी मारू नका.

मिथेनचा गुणक न पाहणं

ही चूक सर्वांत कमी लक्षात येते, म्हणून इथे जरा थांबते. सगळे वायू एका मापात आणायचे म्हणून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांना गुणकाने गुणून "कार्बन डायऑक्साइड समतुल्य" आकडा काढतात. पण हा गुणक काळाबरोबर बदलला आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक वैज्ञानिक मंडळाच्या १९९५ च्या मूल्यमापन अहवालात शंभर वर्षांसाठी मिथेनचा गुणक २१ होता आणि नायट्रस ऑक्साइडचा ३१०. पॅरिस करारानुसार आता पाचव्या मूल्यमापन अहवालातले २८ आणि २६५ वापरायचे आहेत.

आम्ही दोघांनी वहीत १९९४ चं गणित मांडलं. कार्बन डायऑक्साइड ७९३.५ दशलक्ष टन. मिथेन १८.०८, गुणिले २१, म्हणजे ३७९.७. नायट्रस ऑक्साइड ०.१७८, गुणिले ३१०, म्हणजे ५५.२. बेरीज १,२२८, अहवालातल्यासारखीच. मग तेच वायू, तेच वर्ष, फक्त गुणक २८ आणि २६५ घेतले. बेरीज आली १,३४७. एक टनही जास्त वायू न सोडता आकडा सुमारे १२० दशलक्ष टनांनी फुगला.

म्हणून एका ठिकाणाहून जुनी वर्षं आणि दुसरीकडून नवी वर्षं घेतली की रेघेत खोटी पायरी तयार होते. रेघ अचानक उसळलेली दिसली तर कारखाने शोधण्याआधी तळटीप वाचा: गुणक कोणता आणि मोजणीची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ ची की २००६ ची? शक्य असेल तर वायूंचे मूळ टन घेऊन सगळी वर्षं स्वतः एकाच गुणकाने काढा. इगतपुरीची भातखाचरं आणि गोठ्यातली जनावरं मिथेन सोडतात. ज्या देशाच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा मोठा, त्या देशाच्या आकड्यावर गुणकाचा परिणामही मोठा.

एक्सेलची सरळ रेघ

सरकारी अहवालातली वर्षं सलग नाहीत: १९९४, २०००, २०१०, २०१४, २०१६, २०१९, २०२०. एक्सेलमध्ये साधा लाइन चार्ट घेतला आणि वर्षं नुसती नावं म्हणून लागली, की तो सगळ्यांमध्ये सारखंच अंतर ठेवतो. दहा वर्षांची झेप आणि दोन वर्षांचं पाऊल एकाच रुंदीचं दिसतं.

त्या मुलाच्या आलेखात २००० ते २०१० हा टप्पा सर्वांत उभा होता आणि पुढे रेघ सपाट होत गेली होती. त्याने खाली लिहिलंही होतं, "२०१० नंतर वाढीचा वेग मंदावला." भागाकार केला तेव्हा उलटच निघालं. ढोबळ उत्सर्जन २००० ते २०१० मध्ये वर्षाला सुमारे ६१ दशलक्ष टनांनी वाढलं. २०१० ते २०१४ मध्ये सुमारे ११८ नी. २०१४ ते २०१६ मध्ये सुमारे ११६ नी. स्कॅटर चार्ट निवडला की वर्षं आपापल्या खऱ्या अंतरावर बसतात. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटचा बिंदू २०२०

२०२० चा ढोबळ आकडा २,९५९, म्हणजे २०१९ पेक्षा सुमारे ५.५ टक्क्यांनी कमी. इथे रेघ संपवून "भारताचं उत्सर्जन घटू लागलं" असं लिहू नका. ते टाळेबंदीचं वर्ष होतं. आलेखावरच तशी नोंद करा.

याच वर्षावरून आणखी एक गोंधळ होतो. उत्सर्जन घटलं म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला, असं मुलं धरून चालतात. नाशिककराला हे समजावणं सोपं आहे. गंगापूर धरणातली आवक वेगळी आणि साठा वेगळा. पावसाचा जोर ओसरून आवक कमी झाली, तरी पाणी येत असतं तोवर साठा वाढू शकतो. उत्सर्जन ही आवक, हवेतलं प्रमाण हा साठा. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेतली वार्षिक सरासरी २०१९ मध्ये दहा लाखांत सुमारे ४१२ भाग होती. २०२० मध्ये ती सुमारे ४१४ झाली.

एककांची घसरण

दशलक्ष म्हणजे दहा लाख. ३,१३२ दशलक्ष टन म्हणजे ३१३.२ कोटी टन. अहवालांत बहुतेकदा गिगाग्राम असतात. एक गिगाग्राम म्हणजे हजार टन. काही तक्ते नुसत्या कार्बनचं वजन देतात, त्याला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणल्यावर कार्बन डायऑक्साइड मिळतो. उत्तर चौपटीच्या आसपास चुकलं असेल तर आधी इथेच बघा.

घटलं कशाचं, ते न सांगणं

"भारताने २००५ ते २०२० मध्ये ३६ टक्के घट केली" हे वाक्य मला दर दुसऱ्या प्रकल्पात सापडतं. घटली ती उत्सर्जन तीव्रता, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन. एकूण टन त्या काळात वाढले. २०३० पर्यंत ४५ टक्क्यांचं जे उद्दिष्ट २०२२ मध्ये ठरलं, तेही तीव्रतेचंच आहे. दरडोई आकडा तिसराच: २०२० मध्ये माणशी दोन टनांच्या जरा वर. एकूण, दरडोई आणि तीव्रता यांचे तीन वेगळे आलेख काढा.

जाता जाता त्याने विचारलं, "मॅडम, आमच्याकडे छाटणीच्या काड्या चुलीला जातात. तो धूर यात कुठे आहे?" असा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. लाकूडफाटा जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड अहवालात वेगळी नोंद म्हणून दाखवतात. ऊर्जेच्या बेरजेत तो धरत नाहीत, कारण झाडाने तो हवेतूनच घेतलेला असतो आणि जंगलतोडीचा हिशेब जमिनीच्या खात्यात होतो. त्याच धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र बेरजेत येतो. मुंबईहून दुबईला जाणाऱ्या विमानाच्या इंधनाची नोंदही अशीच बेरजेबाहेर असते. त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला आणि आलेखाखाली एक ओळ टाकली: "निव्वळ उत्सर्जन. मिथेनचा गुणक २१. चुलीच्या लाकडाचा कार्बन डायऑक्साइड यात धरलेला नाही."