आकड्यांची वही नसेल तर तलावातल्या मासळीचा अंदाज कसा घ्यायचा?

बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवरच्या हिडकल जलाशयात किंवा चिकोडी-अथणीकडच्या कृष्णाकाठी जाळं वर आलं की थोडे मासे घरी शिजतात, थोडे काठावरच गिऱ्हाईक उचलतं आणि उरलेले बाजारात जातात. यातलं कागदावर फारसं काही चढत नाही. त्यामुळे मासळी वाढली की घटली, हे दफ्तरापेक्षा रोज पाण्यात उतरणाऱ्यालाच जास्त ठाऊक असतं. फक्त त्याला नीट विचारावं लागतं. कॉलेजचा प्रकल्प असो, मच्छीमार सोसायटीची बैठक असो की पंचायतीचा ठराव, पुढची पद्धत वही, पेन आणि मोजपट्टीवर जमते.

आधी पाणी ठरवा, मग माणसं

अख्ख्या जिल्ह्याचा विषय हाती घेऊ नका, आवरणार नाही. एक तलाव घ्या, नाहीतर नदीचा दोन बंधाऱ्यांमधला तुकडा. पंधरा-वीस माणसं पुरतात, पण साठी ओलांडलेले, चाळिशीतले आणि विशीतले असे तिन्ही वयांचे हवेत. मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या तीन पिढ्यांच्या १०८ मच्छीमारांशी बोलून केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. घटलेल्या जातींची नावं घेताना म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट नावं घेतली. तरुण खोटं बोलत नव्हते, त्यांनी पाणी पहिल्यापासून तसंच पाहिलेलं. नुसत्या पोरांना विचारलंत तर सगळं ठीकच आहे असं निघेल.

मासे विकणाऱ्या बायकांना वगळू नका. कुठला मासा कधीपासून बारीक यायला लागला आणि भाव कधी चढला, हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. घोळक्यात चेअरमन बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

साल नको, खूण विचारा

'१९९५ साली किती मिळायचे?' याला अंदाजपंचे उत्तर येणार. त्याऐवजी बहात्तरचा दुष्काळ, २००५ चा पूर, २०१९ चा महापूर, थोरल्या पोरीचं लग्न, घरात तंगूसचं (नायलॉनच्या तारेचं) पहिलं जाळं आलं तो पावसाळा अशा खुणा धरा. हिडकलच्या पाण्यात गेलेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाणी उतरलं की उघडं पडतं. 'देऊळ दिसलं त्या उन्हाळ्यात जाळं कुठं लावत होता?' असं विचारलं की जागा, पाण्याची खोली आणि सोबत कोण होतं, सगळं आपसूक बाहेर येतं.

दुसरी गोष्ट, मत विचारू नका, काम विचारा. समजा बोलणं असं झालं:

"मामा, पहिल्यापेक्षा मासे कमी झाले काय?"

"झाले की हो. पाणीच पहिल्यासारखं राहिलं नाही बघा."

हे खरं असेल, पण याचं पुढे काही करता येत नाही. आता असं विचारा (आस म्हणजे जाळ्याच्या भोकाची रुंदी, बोटांत मोजलेली):

"लग्न झालं तेव्हा जाळी किती होती?"

"दोन. चार बोटं आस."

"आता?"

"आठ हाईत. आस दोन बोटांवर आली."

"आणि रोजचा माल?"

"तेवढाच की."

जाळी चौपट आणि माल तेवढाच, म्हणजे एका जाळ्यामागचा माल चौथाईवर आला. शिवाय आस निम्मी झाल्यामुळे पूर्वी निसटून जाणारी बारकी मासळीही आता त्याच वजनात धरली जाते, म्हणजे खरी घट याहून जास्त. वजनकाटा न लावता एवढं कळतं. माझ्या मते अख्ख्या पाहणीत हे तीन प्रश्न सर्वांत मोलाचे. वेळ कमी असेल तर बाकी सोडा, हे विचारा.

सोडलेला मासा वेगळ्या पानावर

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. आपल्याकडे त्यांचं बीज आणून सोडतात. ते कमी मिळाले तर कदाचित बीजच कमी पडलं असेल, त्यावरून पाण्याची तब्येत कळत नाही. मरळ, शिवडा, वाम, शिंगटा या इथल्या मूळच्या माशांचं पान वेगळं ठेवा. चिलापीचं (तिलापिया) तिसरं, कारण ती १९५२ साली भारतात आणलेली परदेशी जात, आणि ती भरपूर सापडायला लागली की एकूण वजन तेवढंच दिसतं, त्याखाली मूळच्या माशांची घट झाकून जाते. गाव बदललं की माशाचं नाव बदलतं, तेव्हा रंगीत फोटो समोर ठेवा आणि मराठी-कन्नड दोन्ही नावं लिहून घ्या.

वलगणीचा तक्ता

एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा, शेजारी मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी नक्षत्रं लिहा. कुठल्या माशाच्या पोटात अंडी कधी असतात, पहिल्या पावसात कुठल्या ओढ्याने तो वर चढतो (हीच वलगण), हे भरून घ्या. या बाबतीत जाणत्या मच्छीमारांचा हात धरणारा सापडणं कठीण. प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर १९७० च्या दशकात रॉबर्ट जोहान्स या शास्त्रज्ञाने तिथल्या कोळ्यांकडून हेच लिहून घेतलं: कुठला मासा चंद्राच्या कुठल्या कलेला अंड्यासाठी जमतो. त्यातलं बरंचसं शास्त्राला तोवर ठाऊक नव्हतं.

मोक्याच्या जागांचा नकाशा काढलात तर तो सोसायटीकडेच ठेवा. अहवालात किंवा व्हॉट्सॲपवर टाकलात तर पुढच्या रविवारी तिथे बाहेरची जाळी पडतील, आणि तुमच्याशी परत कोणी बोलणार नाही.

पट्टीने पडताळा

ऐकलेलं ताडून पाहायला एका फळीवर सेंटीमीटरच्या खुणा करा आणि काठावर किंवा बाजारात मासे मोजा. साफ करताना पोटात अंडी निघाली का, तेही लिहा. मत्स्यशास्त्रज्ञ रायनर फ्रोजे यांनी २००४ साली सुचवलेल्या तीन साध्या कसोट्या इथे कामाला येतात: पकडलेल्यांत एकदा तरी अंडी घालण्याएवढे झालेले किती, धरायला सर्वांत योग्य मापाचे किती, आणि थोराड माद्या किती. पहिला आकडा जास्त असावा, तिसरा कमी, कारण त्या माद्या पाण्यातच राहायला हव्यात. मात्र थोराड माद्या कमी दिसल्या तर त्या सोडून देतात की मुळात उरल्याच नाहीत, हे म्हाताऱ्यांना विचारा. पट्टी ते सांगत नाही.

मग प्रत्येक विधानापुढे खूण करा. दोन पिढ्यांच्या माणसांनी एकेकट्याने एकच गोष्ट सांगितली आणि पट्टीनेही तेच दाखवलं, तर पक्कं. एकाच तोंडून आलेलं असेल तर कच्चं, पण खोडायचं नाही. विसंगती आली तर परत जा. पुष्कळदा दोघांची जागा किंवा जाळं वेगळं निघतं.

अहवालात टनांचे आकडे लिहू नका, ते या पद्धतीतून येतच नाहीत. कुठली जात घटते आहे, कुठली आधी सांभाळायची आणि लगेच काय करता येईल, एवढं लिहा. उदाहरणार्थ, मृग-आर्द्रात ओढ्याच्या तोंडाला जाळं नको, किंवा आस अमुक बोटांखाली नको. आणि वर पाठवण्याआधी ते काठावर मोठ्याने वाचून दाखवा, मराठीत आणि कन्नडमध्ये. लोक भांडतील, दुरुस्त्या सांगतील. त्या दुरुस्त्याही कोणाचं नाव न घालता अहवालातच लिहा.