सामानाचा आणि झोपायचा लाकडी ट्रेलर घरी बांधताय? या चुका टाळा

दिवसा सामान वाहायचं आणि रात्री आत झोपायचं, असा छोटा लाकडी ट्रेलर बांधायचं मनात आलं की डोळ्यांसमोर आधी वरचा डबा उभा राहतो. दार कुठे घ्यायचं, खिडकी किती मोठी, गादी कशी बसेल. माझा पहिला ट्रेलर मी याच क्रमाने बांधला. सांधे घट्ट बसले, दार अलगद लागायचं, रंगही छान झाला. पण पहिल्याच लांबच्या रस्त्यावर ट्रेलर मागे असा डोलायला लागला की मी सगळा प्रवास जीव मुठीत धरून केला. सुतारकामात काही चुकलं नव्हतं, भार चुकीच्या जागी पडला होता.

त्यानंतर स्वतःचे आणि ओळखीतल्यांचे ट्रेलर दुरुस्त करताना बहुतेक दुखणी मला दोनच ठिकाणी सापडली. वजन कुठे पडतं याचा हिशेब केलेला नसतो, नाहीतर पाणी कुठून शिरेल याचा. त्यामुळे या दोन गोष्टींवर सविस्तर लिहितो, बाकीचं थोडक्यात. एक काम मात्र सगळ्याच्या आधी करा. घरी बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी, लांबी-रुंदी, दिवे आणि ब्रेक यांचे नियम ठिकाणागणिक बदलतात. पहिला तक्ता कापण्याआधी आपल्याकडचे नियम लेखी स्वरूपात मिळवा.

मजबुती म्हणजे जाडी, हा समज

२४४० × १२२० मिमीचा १२ मिमी जाड प्लायचा तक्ता साधारण २० किलोच्या आसपास भरतो, १८ मिमीचा ३० किलोच्या. लाकडाच्या जातीप्रमाणे यात थोडा फरक पडतो. तळ, भिंती, पुढची-मागची बाजू आणि छत मिळून सात तक्ते लागले आणि सगळे १८ मिमीचे घेतले, तर नुसता प्लायच दोनशे किलोच्या पुढे जातो. चाकं, चॅसी (खालचा सांगाडा), गादी आणि सामान अजून यायचंच आहे.

डब्याला ताठपणा येतो तो चौकट आणि प्लाय एकजीव झाल्यामुळे. बारीक पट्ट्यांची चौकट करून तिच्यावर ६ मिमीचा प्लाय गोंद आणि स्क्रू दोन्ही वापरून बसवला, तर भिंत पुरेशी ताठ होते. तळाला १२ मिमी ठेवा, छत जितकं हलकं करता येईल तितकं करा. उंचावरचं वजन वळणावर त्रास देतं. नेहमीचा पांढरा लाकडी गोंद ओलीत टिकत नाही, म्हणून पाणी सोसणारा गोंद किंवा इपॉक्सी घ्या. आणि फळीच्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने, मारलेल्या स्क्रूवर भरवसा ठेवू नका. तिथे त्याची पकड कमजोर असते. कोपऱ्यात आतून एक ठोकळा द्या आणि स्क्रू त्यात आडवा जाऊ द्या.

चौकट काटकोनात आहे का, हे नुसता गुण्या लावून कळत नाही. दोन्ही कर्ण मोजा. २.४ × १.२ मीटरच्या तळाचा कर्ण २.६८३ मीटर यायला हवा आणि दोन्ही कर्ण सारखे हवेत. इथे फरक राहिला की पुढे दार अडकतं, आणि मग माणूस उगाच बिजागऱ्यांना दोष देत बसतो.

ट्रेलर उलाळ होणं

मागे भार जास्त झालेल्या गाडीला मराठीत नेमका शब्द आहे: उलाळ. मागचं जड झालं की पुढचं तोंड वर उचलतं. ट्रेलर गाडीला अडकवलेला असल्यामुळे ते उचललेलं डोळ्यांना दिसत नाही, पण परिणाम व्हायचा तो होतोच. वेग वाढला की शेपूट डावीकडे-उजवीकडे जायला लागतं आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या कपलरवर, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवायच्या तोंडावर, पडावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. मात्र गाडीच्या आणि हिचच्या (गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या जोडाच्या) पुस्तिकेत जी कमाल मर्यादा दिलेली असते, ती ओलांडायची नाही. हा भार काढणं सोपं आहे. ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) जितका पुढे असेल, ते अंतर एकूण वजनाने गुणा आणि ॲक्सलपासून कपलरपर्यंतच्या अंतराने भागा. समजा वजन ४०० किलो, गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ३० सेंमी पुढे आणि कपलर ॲक्सलपासून २.७ मीटरवर आहे. कपलरवर सुमारे ४४ किलो येतील, म्हणजे ११ टक्के. उत्तम.

आता मागच्या दाराबाहेर, ॲक्सलच्या १.५ मीटर मागे, २० किलोची सायकल टांगा. कपलरवरचे ११ किलो लगेच कमी होतात. एकूण वजन ४२० झालं आणि पुढचा भार राहिला ३३, म्हणजे ८ टक्क्यांच्याही खाली. एका सायकलने चांगला ट्रेलर बिघडवला. माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये पाण्याचा मोठा कॅन आणि हत्यारांची पेटी मागच्या दाराशी होती, कारण तिथून काढायला सोयीचं पडायचं. काढायला सोयीची जागा आणि वजनाला योग्य जागा बहुतेक वेळा वेगळी असते. पाणी, बॅटरी, हत्यारं ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा. मागे उशा, पांघरुणं, कपडे.

हिशेब केला तरी भार प्रत्यक्ष मोजून बघा. सपाट जागेवर चाकांना अडण्या लावा, घरातला वजनकाटा कपलरखाली ठेवा आणि कपलर गाडीला अडकवल्यावर ज्या उंचीला येतो त्याच उंचीला राहील एवढा ठोकळा मधे द्या. मोजणी दोनदा करा, एकदा रिकाम्या ट्रेलरची आणि एकदा प्रवासाच्या भरलेल्या सामानासकट. सामानासाठी आणि झोपण्यासाठी वापरायच्या ट्रेलरची खरी अडचण हीच आहे की त्याचा भार दर फेरीला बदलतो. ॲक्सल कायमची वेल्ड किंवा बोल्ट करण्याआधी ही मोजणी झाली, तर ती पाच-दहा सेंमी सरकवता येते. नंतर फक्त सामान सरकवणं हातात राहतं.

चालवताना ट्रेलर डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. उलट वळवून डोल मोडायला जाऊ नका, जोरात ब्रेकही मारू नका. वेग आपोआप उतरू द्या, बाजूला थांबा आणि सामान पुढे घ्या.

उलाळीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो रात्री गाठतो. ट्रेलर गाडीपासून सोडला, सपाट दिसणाऱ्या जागेवर उभा केला, दोघं आत शिरून मागच्या कडेला टेकले. दीडशे किलो ॲक्सलच्या मागे गेले, कपलर हवेत उचलला गेला आणि मागची कड जमिनीला लागली. आत शिरण्याआधी मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली पाय किंवा ठोकळे लावायचेच. चाकांच्या अडण्या त्याआधी. हे पाय ट्रेलर स्थिर ठेवण्यापुरते असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलू नका.

सगळंच लाकडाचं करण्याचा हट्ट

लाकडावर माझा फार जीव आहे, तरी सांगतो: ओढदांडा आणि ॲक्सल जिथे बसते तो भाग पोलादाचाच करा. डबा लाकडाचा असू द्या. डबा चॅसीला आरपार बोल्टांनी जोडा आणि लाकडाच्या बाजूला रुंद वॉशर द्या. चालत्या गाडीच्या थरथरीत नुसते स्क्रू हळूहळू सैल होतात. सामान बांधायच्या कड्याही प्लायमध्ये न अडकवता खालच्या चौकटीत अडकवा.

ओढदांडा फार आखूड ठेवू नका. वळताना गाडीचा मागचा कोपरा डब्यात घुसतो, आणि रिव्हर्स घेताना ट्रेलर इतक्या झटकन वळतो की सावरायला वेळ मिळत नाही. जमिनीवर खडूने गाडी आणि ट्रेलर आखून, पुठ्ठ्याचा डबा फिरवून बघितलं की लांबी कळते.

वाळवी-बुरशीपासून जपलेलं, तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड वापरणार असाल, तर साधे स्क्रू आणि ॲल्युमिनियम त्याला टेकू देऊ नका. हे क्षार त्यांना खातात. तिथे स्टेनलेस किंवा जाड गॅल्वनाइज्ड स्क्रूच घ्या.

पाणी

प्लायचा पृष्ठभाग रंगवला जातो आणि कडा तशाच राहतात. पाणी तर कडेतूनच शिरतं, कारण कापलेल्या टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि त्या पाणी ओढून घेतात. प्रत्येक तुकड्याच्या कडा जोडणीआधी इपॉक्सी किंवा रंगाचे दोन-तीन हात देऊन बंद करा. तळाची खालची बाजूही आत्ताच रंगवा. चॅसीवर बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही, आणि चाकांनी उडवलेलं पाणी तर रोज पोचणार असतं.

छत अगदी सपाट ठेवणं ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. मध्यभागी थोडा फुगवटा किंवा एका बाजूला उतार हवाच, नाहीतर तळं साचतं आणि तळ्याखालचा प्रत्येक स्क्रू संशयित होतो. दुसरी गोष्ट म्हणजे पुढची वरची कड. उभ्या घरावर पाऊस वरून पडतो, चालत्या ट्रेलरवर तो समोरून, जोराने येतो. त्यामुळे कोणत्याही सांध्याची फट पुढे तोंड करून राहता कामा नये. तिथे धातूची पट्टी लावा आणि पट्टीखाली ब्यूटिल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) द्या.

सगळीकडे सिलिकॉन भरून टाकण्याचा मोह होतो. त्यावर रंग धरत नाही. पुढे गळती झाली की जुन्या सिलिकॉनवर नवंही नीट चिकटत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. लाकडाच्या सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट बरं. ते चिकटतं, लवचीक राहतं आणि रंगवता येतं.

गळती शोधताना ओलं दिसतं तिथेच भोक शोधू नका. पाणी चौकटीच्या पट्टीवरून वाहत दूर जाऊन टपकतं. एक जण टॉर्च घेऊन आत बसा, दुसऱ्याने नळी धरा. सुरुवात खालून करायची आणि वर चढत जायचं, प्रत्येक टप्प्याला पाच-दहा मिनिटं देत. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे पोचतो आणि काहीच सिद्ध होत नाही.

पण त्याआधी ती खरोखर गळतीच आहे का, हे पाहा. पावसानंतर एकाच ठिकाणी ओघळ असेल तर गळती. कोरड्या, थंड रात्रीनंतर छत आणि काचा सगळीकडून घामेजल्या असतील, गादीची खालची बाजू दमट लागत असेल, तर ते तुमच्या श्वासाचं पाणी आहे. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटर पाणी सहज हवेत सोडतात. एवढ्याशा डब्यात ते थंड भिंतीवर जमतं. उपाय सीलंट नाही, हवा आहे. एक झरोका खाली आणि एक त्याच्या विरुद्ध बाजूला वर, दोन्ही बंद न होणारे. गादीखाली अखंड प्लायऐवजी फटी ठेवून पट्ट्या लावा.

आणि इथे मी अगदी कळकळीने सांगतो. ट्रेलरच्या आत शेगडी, स्टोव्ह, कोळसा, गॅसचा हीटर यांतलं काहीही ऊब यावी म्हणून पेटवू नका, झरोके उघडे असले तरी. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्याचं सूचक-यंत्र लावाच, आणि ते लावलं म्हणून आत काही पेटवू नका. दाराची कडी आतूनही उघडली पाहिजे. माणूस निघू शकेल असा दुसरा मार्ग, मोठी खिडकी असली तरी चालेल, नक्की ठेवा.

दिवे आणि चाकं

इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मंद पेटतो, किंवा सगळेच दिवे एकदम फिकट होतात. अशा वेळी बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थ (अर्थिंग, म्हणजे वीज परत जायची वाट) तपासा. हिचच्या गोळ्यातून आणि चॅसीतून अर्थ मिळेल यावर बरेच जण विसंबतात. गंज, ग्रीस आणि रंग ती वाट अडवतात. कनेक्टरपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र तार न्या.

टायर एकाच बाजूने झिजत असेल तर ॲक्सल तिरकी बसली असण्याची शक्यता मोठी. कपलरच्या मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा, ते सारखं यायला हवं.

चाकांचे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात, नवीन जोडणी थोडी बसते. त्याआधी, २०-३० किलोमीटरवरच थांबून दोन्ही चाकांच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) सावकाश हात न्या. कोमट लागणं ठीक आहे. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल किंवा हात ठेवताच येत नसेल, तर बेअरिंग फार आवळलंय किंवा ग्रीस कमी पडलंय. ते थंड होऊ द्या, उघडा, आणि बेअरिंग नीट बसवल्याशिवाय पुढे निघू नका.