जुना कॅमेरा घेताय? या चुका टाळा, आणि खिशात टॉर्च ठेवा

आषाढ लागला की मला फोन सुरू होतात. "दादा, गणपतीआधी कॅमेरा हवाय. बजेट २०,०००. कुठला घेऊ?" मी आधी उलट विचारतो, "ठेवणार कुठे?" पलीकडे शांतता.

या पैशात जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, बघावा, असं माझं मत. 'नवीनच हवा' म्हणून हट्ट धरलात तर लांबलचक झूमचा, चकचकीत आणि आत करंगळीच्या नखाहून लहान सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असलेला डबा गळ्यात पडण्याची शक्यता जास्त. साध्या डीएसएलआरचा 'एपीएस-सी' आकाराचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या साधारण १३ पट असतो. मेगापिक्सेल मोजत बसणाऱ्यांना एवढंच सांगतो, ६ मेगापिक्सेलमध्ये ८ बाय १२ इंचांची प्रिंट झकास निघते. तुम्ही तर फोटो फोनवरच बघणार.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: लेन्स टॉर्च मारून न बघणं.

माझ्या भाच्याने जुलैमध्ये ऑनलाइन जाहिरात बघून निकॉनचा कॅमेरा आणि ५५-२०० एमएमची झूम लेन्स घेतली. व्यवहार कुठे, तर दादरच्या पुलावर, संध्याकाळी गर्दीच्या वेळी. वरून पाऊस, आणि विकणाऱ्याला कल्याण फास्ट पकडायची घाई. भाच्याने चार फोटो काढले, स्क्रीनवर बरे दिसले, पैसे दिले. ऑगस्टमध्ये लालबागला आगमनाची मिरवणूक टिपायला गेला. समोरून दिवे आले की प्रत्येक फोटोवर दुधाची साय धरल्यासारखं. मूर्तीचा मुकुटही धुरकट. मला म्हणतो, "मामा, सेटिंग चुकलं असेल."

मी लेन्स हातात घेतली. निकॉनची अशी लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीवरून काढली की प्रकाश कमी-जास्त करणारी आतली पाती मिटलेली असतात. मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, ती नखाने सरकवून धरली तरच पाती उघडतात. ती उघडून मागून तिरका टॉर्च मारला, तर मधल्या काचेवर कोळ्याचं जाळं. फंगस, म्हणजे बुरशी! मेकॅनिकने सफाईचे जे पैसे सांगितले ते लेन्सच्या निम्म्या किमतीहून जास्त होते. वर हेही सांगितलं, की फंगसने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहणारच. "पण ऑफर भारी होती ना," हे भाच्याचं उत्तर. दहा मिनिटांत उरकलेल्या खरेदीला ऑफर म्हणत नाहीत, बाबा.

म्हणून मी मुंबईच्या फोर्टमधल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत जातो. तेही सकाळी, पोटभर खाऊन, कारण भुकेला माणूस लवकर 'हो' म्हणतो. काउंटरवर टॉर्च काढला की दुकानदाराचा चेहरा बघायचा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. मग लेन्स एफ १६ वर नेऊन, म्हणजे पातींमधलं छिद्र बारीक करून, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि आकाशाचा फोटो काढायचा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, तेवढे पैसे भावातून कापून घ्यायचे.

दुसरी चूक, सगळं बजेट बॉडीवर उडवणं. बॅटरी, कार्ड आणि ठेवायचा डबा यांचे पैसे आधी बाजूला काढा.

निकॉनचे डी ३४००, डी ५३०० वगैरे घेणाऱ्यांनो, या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्त मिळाली म्हणून जुनी ५० एमएम १.८ डी लेन्स उचलली तर फोकस हाताने फिरवत बसाल. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या, मोटर त्या लेन्समध्येच असते. कॅननच्या डीएसएलआरवर ईएफ ५० एमएम एसटीएम लेन्स निमूट चालते.

शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले, ते विचारा. निकॉनच्या मूळ जेपेग फाइलमध्ये तो आकडा असतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत नसतो. तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर मी तरी जात नाही, बॉडी किती घासली आहे ते बघतो.

इन्स्टाग्रामवर बघून जुना छोटा डिजिकॅम घेणार असाल तर कार्डाची खाच आधी बघा. एक्सडी नावाचं, आता न बनणारं कार्ड शोधत लॅमिंग्टन रोड पालथा घालायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

बिल नसलेला 'इम्पोर्टेड पीस': नको.

आणि ठेवणं. चामड्याच्या केसमध्ये घालून गोदरेजच्या कपाटात ठेवलेला कॅमेरा म्हणजे मुंबईच्या पावसात फंगसला आमंत्रण. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, पीठ आत जातं. मी रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरतो. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं, वर सरकला की पुड्या बदलायच्या. भाच्याची ती लेन्स मात्र मी त्या डब्यात घेत नाही. ती त्याच्याच घरी आहे, टीव्हीच्या शोकेसमध्ये, ट्रॉफ्यांच्या शेजारी.