'हो मॅडम' ऐकलं की सावध व्हा: आहार-समुपदेशनातल्या या चुका टाळा

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारे एक काका माझ्याकडे आले होते. रक्तातली साखर वाढलेली, डॉक्टरांनी पाठवलेले. मी चाळीस मिनिटं बोलले. तंतुमय पदार्थ, ग्लायसेमिक इंडेक्स, अर्धं ताट भाज्यांचं, काही सोडलं नाही. काका प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. "हो मॅडम. बरोबर मॅडम." निघताना त्यांनी चार्टची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि दारात थांबून विचारलं, "मग सकाळी सातला नाश्ता करायचा का झोपायचं?"

चार्टवर सातला नाश्ता होता. काका सातला कामावरून सुटायचे. ते पुन्हा आले नाहीत.

नवीन डाएटिशियन मुली विचारतात, "क्लायंट तर लक्ष देऊन ऐकतात, मग दुसऱ्या भेटीला येत का नाहीत?" आपल्याकडे डॉक्टरच्या किंवा मॅडमच्या तोंडावर कोणी 'नाही जमणार' म्हणत नाही, ते उद्धटपणाचं वाटतं. म्हणून माणूस 'हो' म्हणतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या मनाने निघून जातो. वाद घालणारा क्लायंट परवडला, तो अजून खोलीत असतो. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

आल्या आल्या काट्यावर उभं करणं

चपला काढा, काट्यावर या, अरेरे, सातशे ग्रॅम वाढलं. एवढं झालं की पुढचा अर्धा तास माणूस खुलासे देत बसतो. लग्न होतं, पाहुणे होते, गुडघा दुखत होता. बोलायला आलेला माणूस आरोपी होतो.

वजन एका दिवसात किलो-दीड किलोने सहज हलतं. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, मासिक पाळीच्या आधीचे दिवस, साफ न झालेलं पोट, कारण काहीही असू शकतं. मी आता वजन शेवटी घेते, तेही विचारून. एखादी ताई म्हणाली "आज नको", तर आज नको. आणि पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, "वजन वाढलं तरी या. वाढलं असेल तेव्हा तर नक्की या." न येणाऱ्यांतले बरेच जण निव्वळ काट्याला घाबरून येत नाहीत. एचबीए१सी या साखरेच्या रक्ततपासणीचंही तसंच. तो आकडा साधारण तीन महिन्यांचा हिशेब दाखवतो. पंधरा दिवसांत पुन्हा तपासायला लावून कोणाला नाउमेद करू नका.

चोवीस तासांच्या आहाराची उलटतपासणी

"नाश्त्याला काय? दुपारी काय? रात्री काय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "साधंच असतं. पोळी-भाजी, वरण-भात." या 'साधंच'मध्ये सगळं दडलेलं असतं. क्लायंट खोटं बोलत नसतो. प्रश्न जेवणाचा होता, त्याने जेवण सांगितलं. मशीनवरचा चहा, चहाबरोबरची खारी, नातवाच्या डब्यात उरलेला पराठा, रविवारच्या मिसळीबरोबरचे जादा पाव, हे त्याच्या लेखी जेवण नाहीच.

म्हणून जेवणं विचारू नका, दिवस विचारा. किती वाजता उठता, घरातून निघताना पोटात काय असतं, कारखान्यात चहाची गाडी कितीदा येते, घरी आल्यावर पहिल्यांदा कुठला डबा उघडता. माझ्या टेबलाच्या खणात तीन मापांच्या वाट्या, एक पळी आणि दोन चमचे असतात. "एक वाटी भात" म्हणाले की वाट्या पुढे करायच्या. बहुतेकदा मोठी वाटी उचलली जाते आणि क्लायंट स्वतःच हसतो. चमचे हातात घेतले की माणूस सावरून बसतो, कारण आता तो सांगतोय आणि आपण ऐकतोय.

चहाचा हिशेबही त्यालाच करू द्या. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर. दहा चमचे, चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तर चाळीस ते पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसाची साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगितलं. हा आकडा मी सांगते, पण बेरीज झाल्यावर आणि "सांगू का?" असं विचारून. तेच वाक्य मी पहिल्या मिनिटाला टाकलं तर ते प्रवचन होतं.

दुरुस्त करण्याची घाई

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येशी झगडणाऱ्यांशी कसं बोलावं यावर एक लेख लिहिला. पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासोबत त्यांनी ती पद्धत वाढवली आणि आज मधुमेहापासून लठ्ठपणापर्यंत सगळीकडे ती वापरतात. तिचं मर्म आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतं: एखाद्याला 'कर' म्हटलं की तो 'न करण्याची' कारणं शोधतो. आपण बदलाची बाजू लावून धरली की समोरच्याला दुसरीच बाजू उरते.

यातली एक युक्ती मला फार उपयोगी पडते. "संध्याकाळचं फरसाण बंद करणं दहापैकी किती महत्त्वाचं वाटतं?" समजा उत्तर आलं "चार". आपली जीभ शिवशिवते, "आठ का नाही?" तसं विचारलं तर तो सहा सबबी देईल. विचारायचं, "चार? दोन का नाही?" मग तो म्हणतो, "नाही, तसं रात्री जळजळ होते. आणि वडिलांनाही शुगर होती." कारणं त्याच्याच तोंडून आली. आता पाच सेकंद गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं, मला अजूनही जमत नाही.

स्वयंपाक करणारीला विसरणं, किंवा तिच्याशीच बोलत बसणं

समोर सासरे बसलेत, फोडणी सून घालते. सासऱ्यांना तेलावर व्याख्यान देऊन उपयोग काय? घरी जाऊन ते "मॅडमनी तेल कमी सांगितलंय" एवढंच म्हणणार आणि ते टोमण्यासारखं लागणार. पुढच्या वेळी सुनेलाही बोलवा. पण मग दुसरी चूक होते, आपण तिच्याकडे वळतो. "ताई, यांना किती पोळ्या देता?" सासरे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागतात. त्यांच्या ताटाविषयी त्यांच्या देखत तिसऱ्याच माणसाशी बोलणं चाललेलं असतं.

मी पहिली दहा मिनिटं फक्त क्लायंटशी बोलते, नंतर दोघांशी. आणि सुनेला पहिला प्रश्न हा: "यात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होईल?" उत्तर जवळजवळ नेहमी एकच, दोन-दोन भाज्या कोण करणार? बरोबर आहे तिचं. वेगळा स्वयंपाक चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी बंद पडतो. त्यामुळे पातेलं एकच ठेवायचं आणि वाढून घेण्यात बदल करायचा. आमटी वरवरची पातळ न घेता तळापासून ढवळून घट्ट घ्यायची, भाताआधी भाजी आणि काकडी संपवायची, तिसऱ्या पोळीऐवजी उसळ.

तेलाबद्दल 'कमी वापरा' असं म्हणू नका, त्याला काही अर्थ नसतो. कॅन किती दिवस पुरतो ते विचारा. चार माणसांत पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर माणशी सव्वा लिटर झालं, म्हणजे रोज चाळीस मिलीच्या वर, छोटे आठ चमचे. माणशी महिना अर्धा लिटर हा ठोकताळा आपण देतो, पण एकदम तिथे उडी मारायला सांगितलं तर घरात भांडण होईल. कॅन उघडला की त्यावर मार्करने तारीख टाकायची आणि तीस दिवसांचा कॅन चाळीस दिवस पुरवायचा. कोणावर नजर ठेवावी लागत नाही, कॅनच बोलतो. आणि यात सासरे-सून एका बाजूला येतात, हा मला न मागता मिळालेला फायदा.

उपास सोडायला सांगणं

सोमवार, संकष्टी, एकादशी, वर श्रावण आणि नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावापुरती, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून नवीन डाएटिशियन हसून म्हणते, "हा कसला उपास, दुप्पट खाणं!" समोरच्या काकूंचा चेहरा त्या क्षणी मिटतो. बाई वीस वर्षं संकष्टी करतेय, तुमचा चार्ट आजचा आहे. कोण टिकणार?

उपास तसाच राहू द्या, ताट बदला. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं बेताने. खिचडी हवीच असेल तर वाटीभर, बाकी पोट दह्या-ताकाने भरायचं. एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत विचारायची: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे का आणि उपासाच्या दिवशी तुम्ही काय करता? गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक इतकी उतरू शकते. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, पण ही गोष्ट बाहेर येते ती बहुधा आपल्या खोलीत, आणि तीही उपासाची थट्टा झाली नसेल तरच.

छापील चार्ट हातात देऊन मोकळं होणं

ओट्स, क्विनोआ, पाच भिजवलेले बदाम. ज्यांच्या घरी बाजरीचं पीठ आहे त्यांना क्विनोआ कशाला? चार्ट लागतोच, लोक तो मागतात, पैसे दिल्यासारखं वाटतं. पण तो दुसऱ्या भेटीत द्या. पहिल्या भेटीत कोऱ्या कागदावर एकच बदल, क्लायंटच्या हाताने, त्याच्या शब्दांत. "दुपारच्या चहात साखर अर्धा चमचा." एवढंच. लिहिता येत नसेल तर तोंडी, पण त्याच्याकडून वदवून.

"समजलं ना?" हा प्रश्न तर कायमचा टाका. त्याला 'हो मॅडम'खेरीज उत्तरच नाही. त्याऐवजी म्हणा, "घरी गेल्यावर काकू विचारतील काय सांगितलं, तर काय सांगाल?" काकांनी चुकीचं सांगितलं तर आपलं समजावणं कमी पडलं, तेही तसंच बोलून दाखवायचं.

बसल्या बसल्या कळणाऱ्या खुणा

उत्तरं एका शब्दावर आली, नजर मोबाइलवर गेली, पिशवीचा बंद हातात गुंडाळला जाऊ लागला, की आपण जास्त बोलतोय. तिथेच थांबा आणि विषय त्याच्या हाती द्या: "मी बरंच बोलले. यातलं तुमच्याकडे न जमणारं काय आहे?" 'जमणारं काय' नाही, 'न जमणारं काय'. नकार द्यायला परवानगी मिळाली की माणूस बोलतो.

"मिसेसने पाठवलंय" म्हणून आलेल्यांना बदलायची इच्छा असेलच असं नाही. त्यांच्यावर आहार लादू नका. "त्यांना कशाची काळजी वाटते? आणि तुम्हाला?" एवढ्यावर पंधरा मिनिटं गेली तरी भेट सत्कारणी लागली.

व्हिडिओ कॉलवर लोकांचं लक्ष लवकर उडतं. मी त्यांना मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात उभं राहायला सांगते. फळीवरचे डबे, तेलाचा कॅन, रोजची वाटी दिसली की बोलणं आपोआप खरं होतं. ताटाचे फोटो मागवत असाल तर "हे काय, बटाटा?" असं उत्तर एकदाही पाठवू नका. त्यानंतर फक्त सॅलडचे फोटो येतात आणि वजन मात्र तिथेच राहतं.

आणि जो आलाच नाही त्याला 'तुमची अपॉइंटमेंट चुकली आहे' असा मेसेज नको. मी लिहिते, "मागच्या वेळी चहाचं ठरलं होतं. जमलं नसेल तरी चालेल, दुसरं काही बघू. पुढच्या आठवड्यात कधी सोयीचं पडेल?" पाठवण्याआधी पाळी बघा. सकाळी दहाला तिसऱ्या पाळीचा माणूस झोपलेला असतो.