कोकणात टॅटू शिकताय? या चुका टाळा

टॅटू बिघडला की शिकाऊ मुलं आधी मशीनला दोष देतात. मालवणात माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचं बिघडतं ते बहुतेक वेळा डाव्या हातामुळे किंवा इथल्या दमट हवेमुळे.

आधी डावा हात, म्हणजे कातडी ताणून धरणारा हात. शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटरवर बसायला हवी. सुई वरच राहिली तर खपलीबरोबर शाई निघून जाते. जास्त खोल गेली तर खालच्या चरबीत पसरते आणि रेषेभोवती निळसर सावली येते, त्यालाच आपण ब्लोआउट म्हणतो. कातडी ढिली असेल तर खोली कधीच एकसारखी राहत नाही. केळ्यावर आणि भोपळ्यावर सराव करणाऱ्यांची हीच अडचण होते. भोपळा ताणावा लागत नाही, त्यामुळे डावा हात काहीच शिकत नाही. सिलिकॉनची सरावाची कातडी स्वतःच्या मांडीवर बांधा आणि दर रेषेला ताणून धरायची सवय लावा. घोटा, दंडाची आतली बाजू, कानामागची जागा पहिल्या वर्षी घेऊच नका, तिथली त्वचा फार पातळ असते. ब्लोआउट झालाच तर त्यावर पुन्हा रेष मारू नका. जखम पूर्ण भरू द्या, मग शेडिंगमध्ये लपवता येतो का ते बघा.

मे महिन्यात स्टेन्सिल, म्हणजे कागदावरून कातडीवर उमटवलेलं जांभळं चित्र, पुसला जातो, कारण घाम. केस काढा, स्पिरिटने पुसा, जागा पूर्ण कोरडी होऊ द्या आणि चित्र उमटवायचं जेल अगदी पातळ लावा. जेल जास्त झालं की जांभळा रंग ओघळतो. कागद काढल्यावर १० ते १५ मिनिटं हात लावू नका. उजव्या हाताने काम करत असाल तर खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करा, म्हणजे पुसताना उरलेलं चित्र जाणार नाही.

पावसाळ्यात लाइट जाते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं सलग मिळायला हवीत, पाकिटात बांधलेल्या सामानाला त्याहून जास्त. दहाव्या मिनिटाला लाइट गेली तर ती दहा मिनिटं वाया गेली असं समजून पहिल्यापासून सुरू करा. पातेल्यात उकळणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. सुया एकदाच वापरायच्या, आणि पाकीट ओलसर लागलं तर न उघडता टाकून द्यायचं.

ग्रे शेड करायला काळ्या शाईत नळाचं किंवा विहिरीचं पाणी घालणारे मी पाहिलेत. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एकाच कलाकाराकडे टॅटू काढलेल्या १९ जणांना त्वचेचा चिवट संसर्ग झाला. तिथे तर बाटलीबंद तयार ग्रे शाईच दूषित निघाली होती. मग विहिरीचं पाणी घालून आपण काय करतो, याचा विचार करा. शाई पातळ करायला निर्जंतुक पाणीच हवं.

देवनागरीच्या चुका मला सगळ्यात जास्त लागतात, कारण त्या जन्मभर दिसतात. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. मुलं तसाच प्रिंट काढतात. नाव आधी कागदावर हाताने लिहून गिऱ्हाइकाकडून वाचून घ्या, ऱ्हस्व-दीर्घ विचारून घ्या. अक्षर फार बारीक करू नका. जुन्या बायकांच्या हातावरचं गोंदण नीट पाहा, वर्षानुवर्षांत रेष किती रुंद होते ते कळेल. भ, ध, म यांच्या गाठी आज मोकळ्या ठेवल्या नाहीत तर पुढे ठिपके होऊन बसतात.

टॅटू काढून दुसऱ्या दिवशी स्कूबाला जाणारे पर्यटक परत येतात ते जागा लाल झाल्यावर. "दादा, फक्त पायच भिजवले," असं म्हणतात, आणि टॅटू नेमका घोट्यावर असतो. जखम भरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, समुद्र नको. मासेमारी करणाऱ्यांना मी जून-जुलैचीच तारीख देतो. १ जून ते ३१ जुलै बंदीत होड्या वर असतात, हात खाऱ्या पाण्यात जात नाहीत.

किनाऱ्यावरची 'काळी मेंदी' मात्र कोणालाच लावू नका, लहान मुलांना तर अजिबात नाही. खरी मेंदी आधी नारिंगी उमटते आणि एक-दोन दिवसांत तपकिरी होते. अर्ध्या तासात काळीभोर रंगली तर तिच्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. तात्पुरता गडद रंगच हवा असेल तर जेनिपा फळाच्या रसाची जागुआ शाई वापरा. ती दिवसभरात निळसर काळी होते आणि दीड-दोन आठवडे टिकते, पण तीही आधी कोपराजवळ थोडी लावून एक-दोन दिवस बघा. काळ्या मेंदीने खाज सुटली असेल तर साबण-पाण्याने धुवा, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि काय लावलं होतं ते स्पष्ट सांगा. पुढे कधी केस काळे करायची वेळ आली तर डाय लावण्याआधीही ते सांगा.