बेळगावातून परदेशी नोकरीला निघताना: कुठली फी कंपनीची, कुठली आपली

ऑफर लेटर आलं की घरात पहिली चर्चा पगाराची होते. त्याआधी खर्चाचा रकाना वाचा: व्हिसाची कुठली फी कंपनी भरणार आणि कुठली तुम्ही? बऱ्याच देशांत याची वाटणी कायद्यानंच करून ठेवलेली आहे. शिवाय कंपनीवर बोजा जितका मोठा, तितकी ती परदेशातून माणूस आणायला कचरते.

अमेरिकेचा एच-वन-बी, म्हणजे पदवीधर नोकरदारांचा कामाचा व्हिसा घ्या. मार्चमध्ये नोंदणी, तिचे २१५ डॉलर. सोडतीत नाव लागलं तर अर्जाचे ७८०, फसवणूक रोखण्यासाठीचे ५००, कामगार प्रशिक्षणाचे १,५०० आणि आश्रय कार्यक्रमाचे ६००. झाले ३,५९५ डॉलर, वकील वेगळा. पंचवीसपर्यंत माणसं असलेल्या कंपनीला यात सवलत मिळते. हे सगळं कंपनीनं भरायचं असतं. प्रशिक्षणाची फी तर नोकरदाराकडून घ्यायला कायद्यानं मनाईच आहे. तुमच्या वाट्याला येतात ते वकिलातीच्या अर्जाचे २०५ डॉलर. ‘आधी डिपॉझिट भरा, मग फाइल करू’ म्हणणारी कन्सल्टन्सी भेटली तर चहा पिऊन उठा.

२१ सप्टेंबर २०२५ पासून मात्र गणितच फिरलं. माणूस अमेरिकेबाहेर असेल आणि त्याच्याकडे चालू एच-वन-बी व्हिसा नसेल, तर नव्या अर्जावर कंपनीला १ लाख डॉलर जादा भरावे लागतात. आदेश १२ महिन्यांचा, पण मुदत वाढवता येते. म्हणून ऑफर स्वीकारताना तो चालू आहे का ते आधी पाहा. तिथेच एमएस करून विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्याला ही रक्कम लागत नाही. टिळकवाडीत बसून वाट पाहणाऱ्याला लागते. फ्रेशरसाठी नव्वद लाखांच्या आसपास रक्कम कुणी मोजत नाही, हे मनाशी धरूनच चाला. त्यात २०२६ पासून सोडतीत पगाराच्या पातळीला वजन आलंय: सगळ्यात वरच्या चौथ्या पातळीच्या चार चिठ्ठ्या, सगळ्यात खालच्या पहिलीची एकच. परदेशी कंपनीच्या इथल्या शाखेत असाल तर एल-वन, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा विचारा. गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तिथे काम आणि पद व्यवस्थापकाचं किंवा खास ज्ञानाचं, एवढं जमलं तर त्याला ना सोडत, ना तो लाख.

ब्रिटनमध्ये उलट, नोकरदाराचाच खिसा हलका होतो. तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाचे एप्रिल २०२५ च्या दरानं ७६९ पौंड, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५. म्हणजे तीन वर्षांचे एका माणसाचे ३,८७४ पौंड, बायको सोबत नेली तर दुप्पट. प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राचे ५२५ पौंड आणि परदेशी माणूस घेण्याबद्दल लागणारा कौशल्य आकार मात्र कंपनीचेच. ते पगारातून कापता येत नाहीत. २२ जुलै २०२५ पासून साधारण नियमानं किमान पगार ४१,७०० पौंड आणि काम पदवीच्या दर्जाचं लागतं. साध्या मशीन ऑपरेटरचा हा रस्ता त्यामुळे जवळपास बंद झाला. कंपनीचं नाव सरकारी प्रायोजक यादीत आहे का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

जर्मनीत फी हलकी, कागद जड. व्हिसाचे ७५ युरो, बस्स. ब्लू कार्डासाठी, म्हणजे पदवीधरांच्या नोकरी-निवास परवान्यासाठी, २०२६ मध्ये वार्षिक पगार ५०,७०० युरो हवा. इंजिनिअर, आयटी आणि नुकतेच पदवीधर झालेल्यांना ४५,९३४ युरो २० सेंट. पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे हे परदेशी पदव्यांच्या जर्मन सरकारी ‘अनाबिन’ यादीत आधी शोधा. विद्यापीठासमोर ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल आणि तुमची पदवीही सापडली, तर दोन्ही पानं छापून फाइलला लावा. पदवी सापडली नाही तर २०८ युरो भरून तुल्यतेचं पत्र घ्यावं लागतं, त्याला काही आठवडे धरा. एजंट पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, करून घ्यायला सांगतात. जर्मनी भारतीय अपोस्टिल मानत नाही, तो पैसा फुकट जातो.

आयटीआयवाल्यांनी इथे नीट पाहावं. अनुभवाच्या जोरावर जर्मनीला जाण्याचा जो मार्ग आहे, त्यात मायदेशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव लागतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे, ते बसतात. वेल्डर आणि फाउंड्रीमन एक वर्षाचे, ते बसत नाहीत. उद्यमबागेच्या फाउंड्रीत दहा वर्षं ओतकाम केलेला माणूस एवढ्यावर अडतो आणि ऐन पंचविशीतला टर्नर पुढे जातो. अन्यायच आहे, पण नियम तसा आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांना ही अडचण येत नाही.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी भानगड आहे. जर्मन व्हिसासाठी कर्नाटकातल्या रहिवाशाचं काम बेंगळुरूच्या वकिलातीत, महाराष्ट्रातल्याचं मुंबईत. म्हणजे शिनोळीत राहणारा मुंबईचा आणि हिंडलग्यात राहणारा बेंगळुरूचा, मग दोघंही एकाच कारखान्यात का असेनात. आधारवर चंदगडचा पत्ता आणि पासपोर्टवर बेळगावचा असेल तर अपॉइंटमेंट घेण्याआधी तो एक करा.

त्याहून जास्त फायली नावावर अडकतात. एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर ‘सूरज एम. पाटील’, मराठी शाळेच्या टीसीवर ‘पाटील सूरज मारुती’, पासपोर्टवर नाव ‘सूरज मारुती’ आणि आडनाव ‘पाटील’. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. तिकडच्या अधिकाऱ्याला ही तीन माणसं दिसतात. कॉलेजची पदवी एसएसएलसीच्या नावावर चालते, म्हणून शक्यतो पासपोर्ट त्याला जुळवा. आद्याक्षराचा पूर्ण विस्तार करून पुनर्जारी केलेला छत्तीस पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो. तेवढा वेळ नसेल तर एकाच व्यक्तीची ही नावं आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, पण ते दुय्यम समजा. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका: अमेरिकन व्हिसावर मग तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (नाव माहीत नाही) छापून येतं. जन्मस्थळ जुन्या कागदावर ‘बेळगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असेल तर घाबरायचं कारण नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं, एवढं एका ओळीत लिहून जोडा. हस्तलिखित जन्मदाखल्याऐवजी कन्नड-इंग्रजी छापील प्रत काढा.

आखाताचं थोडक्यात. नोंदणीकृत भरती एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, तेही पावतीनिशी. एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. दहावी नापास असाल तर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक) असा शेरा येतो आणि आखातात नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते.

पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत मिळतो. पुण्यात किंवा बेंगळुरूत वर्षभर राहिला असाल तर तो पत्ता लपवू नका. तिथल्या ठाण्याकडून उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून ऑफरची सही होताच हा अर्ज आधी टाका.